शाळेजवळ घेरी

माझी सायकल माझ्या लेकीपेक्षा तीन वर्षांनी लहान. दोघींत सायकल जास्त ऐकते. हे मी तूलियाच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही.

तूलिया सेहेचाळीस वर्षांची आहे. हेलसिंकीत एका विमा कंपनीत बसून दिवसभर लोकांचे अपघात वाचते आणि संध्याकाळी मला फोन करते. मी इथे ओउलूत, तिच्यापासून सहाशे किलोमीटर वर. माझा नवरा इल्मारी गेल्यापासून चार वर्षं एकटी आहे. वय पंच्याहत्तर, गुडघे साठीचे, जीभ विशीची. हे आर्वोचं मत.

आर्वो आमचा शेजारी. एकतीस वर्षं त्याने नांगराच्या गाडीने शहरातल्या सायकलवाटांवरचा बर्फ काढला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सकाळी बुटाची टाच वाटेवर घासून बघतो आणि "आज दाबला आहे बरा" किंवा "आज कुणीतरी झोपेत नांगर फिरवलाय" असा निकाल देतो. त्याने बरा म्हटलं की मी निघते. बरा नाही म्हटलं तरी निघते, पण मग त्याच्या खिडकीसमोरून न जाता मागच्या गल्लीने.

मी काही लांब जात नाही. शाळेपर्यंत जायचं, तिथून रस्त्याखालच्या बोगद्यातून किनाऱ्यावर, गोठलेल्या समुद्राकडे दोन मिनिटं बघायचं, आणि त्याच वाटेने परत. चार किलोमीटर भरत असतील. उन्हाळ्यात सायकल कुणीही चालवतं. हिवाळ्यात, उणे अठरा असताना, खिळ्यांचे टायर घट्ट बर्फावर करकरायला लागतात, नाकातले केस ताठ होतात, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं आणि कुणी "काय झालं?" म्हणून विचारत नाही, कारण सगळ्यांच्याच डोळ्यांतून येत असतं. इल्मारी गेला त्या हिवाळ्यात ही सोय मला फार उपयोगी पडली.

आता भांडणाचं मूळ सांगते. बर्फातली सायकल घरात आणायची नाही, हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी कळतं. बाहेर पडवीत गारठ्यातच ठेवायची, झाडूने बर्फ झटकायचा, बस. घरात आणली की बर्फ वितळतो, पाणी चाकाच्या पोटात शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढली की आतल्या आत गोठून बसतं. तूलिया याच घरात वाढली. पण पंचवीस वर्षं मेट्रोने फिरलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही. गेल्या नाताळात तिने रात्री माझी सायकल प्रेमाने उचलून आत आणली, पुसली, वर इल्मारीची चादर घातली. सकाळी मी बाहेर काढून टांग मारली. दहा मीटरवर पायडल नुसते गरगर फिरायला लागले, उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक लागेना, आणि मी सरळ आर्वोच्या कुंपणाशेजारच्या ढिगाऱ्यात.

"पडलीस!" तूलिया दारातून किंचाळली.

"तू पाडलंस," मी ढिगाऱ्यातून म्हटलं.

लागलं काहीच नव्हतं. पण दुपारी तिने स्वयंपाकघरात मला समोर बसवलं, अपघाताच्या दाव्याला बसवतात तसं.

"आई, माझ्या खालच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. मी तो घेतलाय."

"कुणासाठी?"

"ते तुलाही माहितीये."

"तिथे समुद्र आहे?"

"आहे की."

"गोठतो?"

"कधी कधी."

"मग कधी कधी येईन."

खूप ओढाताण झाली. शेवटी असं ठरलं की मी शाळेपाशी पोचले की एक मेसेज करायचा, घरी आले की दुसरा. आणि पुन्हा एकदा पडले किंवा मला वाटेत काही झालं, तर सायकल आर्वोला द्यायची आणि मुकाट्याने खालच्या मजल्यावर राहायला जायचं. मी हात दिला. आमच्याकडे हात दिला की दिला, कागद लागत नाही. आर्वो त्या वेळी कॉफी प्यायला आलेला होता. "मला तिची सायकल नको," एवढंच तो म्हणाला. "सीट फार खाली आहे."

जानेवारी असा गेला. रोज शाळेपाशी थांबायचं, हातमोजा काढायचा, बोटं लाकडं व्हायच्या आत लिहायचं: शाळेपर्यंत फेरी, सगळं ठीक. माझा फोन अर्धं अक्षर दाबलं की पुढचा शब्द स्वतःच सुचवतो. आगाऊ आहे, पण थंडीत बरा पडतो.

आणि उजाडला ईस्टरच्या उपवासाआधीचा मंगळवार. त्या दिवशी अख्खं गाव मलईचे बन खातं आणि बनात बदाम हवा की जॅम यावर भांडतं. मी जॅमवाली. किनाऱ्यावरच्या टपरीत जॅमचे बन चांगले मिळतात, म्हणून अकरालाच निघाले. उणे एकोणीस, निळंशार आभाळ, आर्वोचा निकाल "उत्तम." इतकं ऊन की बर्फाकडे बघवेना. शाळेपाशी थांबले, हातमोजा काढून काखेत धरला. श्वासाने चष्मा पांढरा झाला होता, त्यामुळे अंदाजाने टाइप केलं, पाठवलं, फोन खिशात टाकला आणि बनाच्या ओढीने निघाले. फोन बहुधा बोगद्यातच मेला. थंडीत फोन मरतात, माणसं नाहीत.

किनाऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की उजवा हातमोजा नाही. लाल, माझ्याच हातचा विणलेला. वाटेत सापडेल म्हटलं, उजवा हात खिशात घातला आणि बाकावर बसून डाव्या हाताने बन खाल्ला. टपरीवालीशी बदामवाल्यांना मनसोक्त नावं ठेवली, दुसरा बन घेतला. एकंदरीत माझा वेळ फार छान गेला. तो इतरांचा कसा जात होता ते मला नंतर कळलं.

तूलियाने माझा मेसेज वाचला, मला फोन केला, लागला नाही. परत केला, नाही. मग तिने आर्वोला लावला. हे बोलणं आर्वोने मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता पाठ आहे.

"आर्वोकाका, आईला शाळेजवळ घेरी आलीये! फोन बंद आहे तिचा. आणि ती म्हणतीये अजून एक घेरी यायचीये!"

"अजून एक यायचीये हे तिला कसं कळलं?"

"तेच तर! डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक. अँब्युलन्स बोलावू का?"

"मी चार मिनिटांवर आहे. आधी बघतो, मग बोलावतो."

"तुम्ही जा. मी विमानतळावर निघाले."

आर्वो अठ्ठ्याहत्तरचा आहे, पण चार म्हणाला आणि तीन मिनिटांत पोचला. शाळेपाशी मी नव्हते. सायकल नव्हती. होता तो वाटेच्या कडेला, ताज्या नांगरलेल्या बर्फाच्या पुरुषभर ढिगाऱ्याला टेकून पडलेला माझा लाल हातमोजा. एकतीस वर्षं असले ढिगारे रचलेल्या माणसाच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. त्याने आपली सायकल टाकली आणि दोन्ही हातांनी ढिगारा उकरायला सुरुवात केली. शाळेची मधली सुट्टी झाली होती. पोरं जमली. काय करताय, म्हणून विचारलं. "माणूस आहे आत," आर्वो म्हणाला. यावर कुठलं पोर स्वस्थ बसेल! वर्गातली फावडी आली, बर्फावरून घसरायच्या थाळ्या आल्या, एक मास्तर आला आणि तोही गुडघ्यावर बसला.

मी बन संपवून त्याच वाटेने परत आले तेव्हा हे सगळं ऐन रंगात होतं. चाळीसेक पोरं, मास्तर आणि आर्वो, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. मी ब्रेक लावला.

"काय हरवलंय?"

"हेल्वी," आर्वो मागे न बघता म्हणाला. "हात लाव, बोलत बसू नकोस."

आता हेल्वी हे माझं नाव. पण हल्ली आमच्या पिढीची नावं लोक पुन्हा पोरींना ठेवायला लागलेत, माझ्या गल्लीतच एक हेल्वी पाच वर्षांची आहे. मला वाटलं, कुणाची तरी बिचारी चिमुरडी ढिगाऱ्याखाली गेली. मी सायकल आडवी टाकली आणि आर्वोच्या शेजारी बसून उकरायला लागले. एका हाताला मोजा नाही तरी उकरत होते. चांगली दोन-तीन मिनिटं मी स्वतःला शोधत होते.

"किती वर्षांची आहे रे?" मी धापा टाकत विचारलं.

"पंच्याहत्तर."

माझा हात थांबला. तेवढ्यात मला त्याच्या जाकिटाच्या खिशातून डोकावणारं लाल टोक दिसलं.

"आर्वो, तो माझा हातमोजा आहे."

तो वळला. मी इतकी वर्षं त्याला ओळखते, पण त्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. आधी पांढरा झाला, मग लाल, मग तो माझ्यावरच ओरडला, "तू इथे काय करतेस? तू आत असायला हवी होतीस!"

"सापडली!" एक पोर किंचाळलं आणि सगळी टाळ्या पिटायला लागली. मास्तर बर्फातच बसला आणि हसत सुटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आर्वो हसला नाही. त्याने हातमोजा माझ्या हातात कोंबला आणि बराच वेळ शाळेच्या झेंड्याकडे बघत उभा राहिला.

"तूलियाचा फोन आला होता," तो म्हणाला. "तुला घेरी आली म्हणून तूच कळवलंस म्हणे."

"मी? कधी?"

मास्तरांनी आम्हांला आत नेलं. फोनला मी काखेत धरून ऊब दिली, तेव्हा पाच मिनिटांनी तो जिवंत झाला. तेवीस फोन येऊन गेले होते. त्यांच्या वर माझा मेसेज. आर्वोने चष्मा लावून मोठ्याने वाचला: "शाळेजवळ घेरी. अजून एक घेरी आणि मग घरी. ऊन काय मस्त आहे!"

आमच्याकडे हे दोन शब्द सख्खे शेजारी आहेत, फेरी आणि घेरी. पण फोनला नेमका दुसराच का सुचावा? कारण जानेवारीत आर्वोला सौनातल्या वाफेत घेरी आली होती आणि ती बातमी मी गल्लीतल्या अकरा जणांना लिहून कळवली होती. तेव्हापासून फोनला तो शब्द तोंडपाठ.

"अकरा जणांना?" आर्वो म्हणाला.

"बारा. मास्तरांना धरून."

"देव आहे. तुझी चहाडी तुलाच भोवली," आर्वो म्हणाला आणि टोपी घातली.

मी लगेच तूलियाला फोन लावला. बंद. परत लावला, बंद. ती विमानात बसली होती. हसू तिथेच विरलं. मी धडधाकट शाळेत बसलेय, पोटात दोन बन आहेत, आणि माझी लेक ढगांत कुठेतरी मला बेशुद्ध समजून बसलीये, आणि तिला सांगायला काही मार्ग नाही. मी घरी आले, कॉफी ठेवली, ओतली, प्यायली नाही. मी बरी आहे असा मेसेज पाठवून ठेवला, तरी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते. माणूस कुठे आहे ते कळत नाही, फोन बंद येतो, आणि घड्याळाचा काटा हलत नाही. नाताळापासून तूलियाचं रोज शाळेच्या मेसेजपर्यंत काय होत असेल ते मला त्या तासाभरात कळलं. मी तिला भित्री म्हणत होते. लाज वाटली.

उतरल्यावर तिला माझा मेसेज मिळाला असणार, कारण पावणेदोनला ती टॅक्सीतून उतरली तेव्हा धावत आली नाही. पातळ कोट, शहरी बूट, हातात मोजे नाहीत. पडवीत उभी असलेल्या माझ्या सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला घट्ट धरलं. आमच्यात तशी पद्धत नाही. मी माझे सगळे मुद्दे पाठ करून ठेवले होते: मी पडले नाही, मला काही झालं नाही, करार मोडलेला नाही, चूक फोनची. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.

"सवा तास," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "सवा तास मी विमानात बसून तुला पुरत होते, आई. शवपेटीचा रंगसुद्धा ठरवला."

"कुठला?"

"आई!"

"बरं, बरं. तूलिया, ऐक. येते मी. सायकल आर्वोला देते. तुला हे असं रोज नको."

मी खरंच म्हणत होते. ती दूर झाली, नाक पुसलं आणि मी काही चोरलंय का असं माझ्याकडे बघायला लागली.

"मी सकाळपासून काही खाल्लेलं नाहीये," ती म्हणाली. "बन आहेत?"

"मी दोन्ही खाल्ले. टपरी तीनला बंद होते."

"गाडी?"

"गाडी कुठली! तुझ्या बाबांची सायकल आहे. आर्वो दर हिवाळ्यात टायर बदलून ठेवतो, का ते विचारलं तर सांगत नाही."

तिला इल्मारीचे बूट, इल्मारीचं जाकीट, माझी टोपी घातली. पंचवीस वर्षांनी बर्फावर सायकल. पहिले शंभर मीटर ती दारुड्यासारखी चालवत होती. आर्वो खिडकीत उभा राहून बघत होता, त्याने हात केला नाही, नुसती मान हलवली.

"खांदे सोड!" मी मागून ओरडले. "वाट धरून ठेवते तुला, तू वाटेला नको धरूस!"

"तू पुढे बघ!"

शाळेपाशी पोरं कुंपणाला आली. "आज्जी, आता कोण हरवलंय?" "अजून कुणी नाही," मी म्हटलं. बोगद्याच्या उतारावर तूलियाने पाय पायडलवरून उचलले, लहानपणी उचलायची तसे, आणि अशी काही ओरडली की बोगदाभर घुमलं. वर येताना ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी विचारलं नाही.

टपरीत शेवटचे दोन बन उरले होते, दोन्ही बदामाचे. तिने दोन्ही खाल्ले. ती बदामवाली आहे. मी काय पाप केलं होतं कोण जाणे. गोठलेल्या समुद्रावर लांब कुणीतरी भोक पाडून मासे धरत बसलं होतं. आम्ही दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटं बघत बसलो.

"बाबा सायकलवरून कधी पडले होते का गं?" तिने विचारलं.

"आठ-दहा वेळा. आणि गेला तो खुर्चीत बसल्या बसल्या."

परतताना शाळेच्या वळणावर तिने वळण जरा जास्तच घेतलं आणि पोरांनी सकाळी उकरून भुसभुशीत केलेल्या ढिगाऱ्यात अलगद आडवी झाली. नुसते बूट बाहेर.

"पडलीस!" मी म्हटलं. अशी संधी मी सोडणाऱ्यातली नाही. "आता सायकल आर्वोला दे आणि मुकाट्याने माझ्याकडे राहायला ये."

ढिगाऱ्यातून हसण्याचा आवाज येत राहिला. तिला बाहेर काढायला दोन पोरं लागली.

घरी पोचलो. गारठ्याने तिची बोटं वळत नव्हती. मी दार उघडलं, आतली ऊब बाहेर आली. तिने दोन्ही सायकली पायरीपर्यंत आणल्या आणि थांबली. मग पडवीतला झाडू उचलला आणि आधी माझ्या सायकलवरचा बर्फ झटकला. हँडल, चाकाची नळी, साखळी, सगळं नीट, वाकून वाकून. मी मुद्दामच विचारलं.

"आत आणतेस का? पुसायला बरी पडेल."

"नको," ती झाडत राहिली. "आत आणली की बिघडते. तिला इथलीच सवय आहे."

सायकल भिंतीला टेकवून तिने सीटवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आणि तो खालच्या मजल्यावरचा फ्लॅट?" मी विचारलं.

"भाडेकरू बघते कुणीतरी." मग वर न बघता म्हणाली, "मेसेज मात्र रोज करायचा. चष्मा पुसून."

"करेन," मी म्हटलं आणि कॉफी ठेवायला आत गेले. डोळ्यांतून पाणी आलं होतं, आणि घरात चांगलं बावीस अंश असल्यामुळे ते थंडीवर ढकलायची सोय नव्हती.